अध्यक्षबाईंचा चहा

हॉस्टेलच्या मेसमध्ये चहा पिंपाच्या तोटीतून यायचा. गरम असायचा, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. दिवाळीची सुट्टी पंधरा दिवसांवर आली की मी खोलीतल्या मुलींना आमच्या घरच्या चहाचं वर्णन ऐकवायला सुरुवात करायचे. म्हशीचं दूध, ठेचलेलं आलं, मागच्या दाराची सावली, माय आणि मी. ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. एक जण म्हणाली, "तुमच्याकडं चहा करतात का सत्यनारायण घालतात?" तेव्हा मीही हसले होते. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. त्या चहाची मी जितकी वाट बघितली तितकी दुसऱ्या कशाचीच बघितली नाही, आणि त्या चहाची माती मीच केली.

आमचं गाव केजपासून जीपनं पाऊण तासावर. घरात चहा दोन प्रकारचे होते. पहिला आबांचा. आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. सकाळी डेअरीचं काम उरकून ते घरी आले की बाजेवर बसायचे आणि घरात चहाची वेळ व्हायची. पहिला कप त्यांना. ते बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायचे आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं. चहा गुळाचा, दूध नुसतं रंगापुरतं. कारण म्हशीचं सगळं दूध डेअरीला जायचं. "सचिवाच्या घरचं दूध घरातच जिराया लागलं तर गाव तोंडात शेण घालंल," असं आबा म्हणायचे. मायच्या वाट्याला त्याच पावडरीवर पुन्हा पाणी उकळून केलेला चहा यायचा. तो ती उभ्यानंच प्यायची.

दुसरा चहा आमच्या दोघींचा. तो फक्त माझ्या सुट्टीत व्हायचा, दुपारी चार वाजता, आबा तालुक्याला नाहीतर पारावर गेलेले असताना. सकाळच्या धारेतलं तांब्याभर दूध माय बाजूला काढून टोपल्याखाली झाकून ठेवायची. मागच्या दारात आम्ही बसायचो. तो दाट, पिवळसर, साय धरणारा चहा हातात आला की मी म्हणायचे, "हं, सांग." मग माय तालुक्याच्या चहाची गोष्ट सांगायची.

ती गोष्ट कळायला आमची संस्था कळायला हवी. ती महिलांची दूध संस्था होती. म्हणजे कागदावर. महिलांची संस्था काढली की डेअरीची यंत्रं लवकर मंजूर होतात, असं आबांना कुणीतरी सांगितलं आणि आठवड्याभरात गावातल्या अकरा बायका सहकार चळवळीत आल्या. त्यातल्या दहाजणींना ते नंतर कळलं. माझी माय अध्यक्ष झाली. सभा आमच्याच ओसरीवर भरायची आणि सभेला संचालिकांचे नवरे यायचे. आबा वहीत 'अध्यक्षस्थानी' असं लिहून पुढं मायचं नाव घालत तेव्हा अध्यक्ष आत चुलीपुढं धुरात बसून सभेचा चहा करत असायच्या. चहा झाला की आबा आत येऊन ट्रे घेऊन जायचे, कारण सभा चालू असताना बाईमाणसानं ओसरीवर यायचं नाही. सभा संपली की वही आत यायची. माय पदराला हात पुसून सही करायची. चौथीपर्यंत शिकली होती ती, सही तिची अजूनही माझ्यापेक्षा वळणदार आहे.

पण दर दोन-तीन महिन्यांनी तालुक्याला दूध संघाच्या कार्यालयात गावोगावच्या अध्यक्षांना बोलवायचे. तिथं प्रशिक्षण द्यायला एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या नवऱ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आबा दोन तास बाहेर लिंबाखाली उभे होते. आत माय खुर्चीवर बसली होती.

"गादीची खुर्ची बरं का," माय सांगायची. "म्या नुसतं टोकावर बसलेते. तवर एक माणूस आला, पांढऱ्या कपड्यातला. हातात ट्रे. असा वाकला अन म्हणला, ताई, चहा घ्या. वाकून! म्या मागं वळून बघितलं, म्हणलं कुणाला म्हणतोय."

"मग?"

"मग काय, पिले. लई गोड व्हता. बशीत दोन बिस्किटं."

"अन कप?"

इथं ती नेहमी थांबायची. "कप तितंच ठिवला. त्योच घिऊन गेला."

मला ही गोष्ट पाठ होती. 'अन कप?' हे मी कुठं विचारायचं हेही ठरलेलं होतं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती तिच्या, आणि दुसऱ्यानं करून हातात दिलेला आणि नंतर कपही विसळावा न लागलेला चहा तिला आयुष्यात फक्त त्या कार्यालयात मिळाला होता. आमच्या घरात तिला आजारपणात सुद्धा कुणी चहा दिला नव्हता. मीही नाही. मी सुट्टीला यायचे, मागच्या दारात बसायचे आणि 'हं, सांग' म्हणायचे.

मग ते वर्ष आलं. पावसाळ्यात ढग नुसते येऊन जायचे. दिवाळीच्या आधीच गावात टँकर सुरू झाला. साखर कारखान्याला ऊस नव्हता, त्यामुळे बॉयलर पेटलाच नाही आणि सभासदांना दिवाळीला मिळायची ती साखरही त्या वर्षी आली नाही. म्हशीला कडबा मोजून पडायचा, तिच्या पाठीची हाडं वर आली होती. मी एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची काळी उघडी रानं बघत आले, आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात फक्त चार वाजताचा चहा होता. आदल्या आठवड्यात शेजारच्यांच्या फोनवर मी मायला सांगितलंही होतं, "मला पयल्यासारखाच पाहिजे हं, पातळ न्हाई." ती म्हणाली होती, "ये तर तू."

तिनं मागच्या वर्षीची ओंजळभर साखर माझ्यासाठी डब्यात लपवून ठेवली होती. गुळाच्या चहात दूध कधीकधी फाटतं, तो धोका तिला नको होता. पहिल्या दिवशी चार वाजता चहा झाला. त्याला टँकरच्या पाण्याचा वास येत होता. पाण्यात कसलीशी पावडर टाकायचे, दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसा वास. पण चहा दाट होता. मी दोन कप प्यायले.

आबांनी दुधाच्या किटलीत आतल्या बाजूला खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली होती. सचिवाच्या घरचं दूध त्या रेघेखाली जाता कामा नये, बाकीच्यांना दाखला राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हैस अर्ध्यावर आली तरी रेघ तिथंच होती. एरवी कसंबसं रेघेला टेकणारं दूध माझ्या चहामुळं खाली गेलं. तिसऱ्या दिवशी आबांनी किटलीत डोकावून बघितलं.

"रेघंखाली कावून गेलं?"

"वैरणच न्हाई तर म्हस काय दील?" माय म्हणाली.

"मग येत्या बाजारी केजला निऊन इकतो तिला. उगं खायाला काळ."

माय खराटा घेऊन गोठ्यात गेली. मी मात्र घाबरले. म्हैस गेली तर दूध गेलं, दूध गेलं तर चार वाजताचा चहा गेला. माझा विचार याच्या पुढं गेला नाही, हे लिहायला मला लाज वाटते, पण गेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी माय धार काढून, किटली ओसरीवर ठेवून टँकरच्या रांगेत गेली. टोपल्याखाली माझ्या चहाचं दूध होतं. मी किटलीत बघितलं, दूध रेघेच्या दोन बोटं खाली. पिंपावर तांब्या होता. मी एक तांब्या पाणी ओतलं, बघितलं, आणि अजून एक ओतलं. आता बरोबर रेघेवर आलं. ज्या गावात बायका एकेका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, तिथं मी दोन तांबे पिण्याचं पाणी दुधात ओतलं आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. आबा आले, डोकावून म्हणाले, "बघ, दम दिला की कसं वर आलं," आणि किटली घेऊन गेले. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

डेअरीवर पुढं काय झालं ते मला दहा जणांनी सांगितलंय आणि आबांनी शंभर वेळा. दूध तपासणाऱ्यानं त्यात पाणी ओळखायची डिग्रीची काच सोडली तर ती खाली खाली बुडत गेली. त्यानं दुधाचा वास घेतला. टँकरचा वास कुणाला कळणार नाही? तो मुरलेला माणूस होता. हळूच म्हणाला, "सचिवसाहेब, काच बिघडली आसल. ऱ्हाऊ द्या, उद्या बघू." तिथं आबा गप्प बसले असते तर काहीच घडलं नसतं. पण रांगेत कुणीतरी हसलं. ज्याच्या बायकोचं नाव महिन्याभरापूर्वी आबांनी भेसळीच्या फळ्यावर लिहिलं होतं, तोच.

"परत लाव," आबा म्हणाले. परत लावली. "आजून एक डाव लाव." तिसऱ्यांदा लावली. मग त्यांनी स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर 'पाणी आढळले' याच्याखाली मायचं पूर्ण नाव लिहिलं. नावापुढं 'अध्यक्ष' लिहायलाही ते विसरले नाहीत. दूध रस्त्यावर ओतलं. कुत्री आली.

रिकामी किटली घेऊन ते घरी आले तेव्हा माय नुकतीच डोक्यावरची घागर उतरवत होती.

"दुदात पाणी कुणी वतलं?"

मायला काही कळेना. तिनं किटलीकडं बघितलं, मग पिंपाकडं. पिंपाच्या झाकणावर ओला तांब्या उभा होता. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, हे मला पक्कं आठवतं. मी दारात उभी होते, चार हातांवर.

"म्याच वतलं," ती म्हणाली.

आबा किती बोलले ते सांगत नाही. हात उचलला नाही त्यांनी, आणि ते याचंही नंतर लोकांना कौतुक सांगायचे. मी काय केलं? काही नाही. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की खरं सांगितलं असतं तर आबांनी माझं शिक्षण बंद केलं असतं, मायनं ते ओळखलं, म्हणून ती पुढं झाली. ऐकायला छान वाटतं. खरं एवढंच की मला भीती वाटली, आणि मायनं अंगावर घेतल्यावर मला हायसं वाटलं. त्या दिवशी चार वाजता टोपल्याखालचं दूध नासून गेलं होतं. कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सभा भरली. विषय एकच, अध्यक्षांनी राजीनामा देणे. अकरा संचालिकांचे नवरे ओसरीवर मांडी घालून बसले आणि अध्यक्ष आत त्यांच्यासाठी चहा करायला बसल्या. मी पाहिलेला हा सहकार आहे. ज्यांना आपल्या बायकोची सही ओळखता आली नसती ते लोक बाहेर प्रामाणिकपणावर बोलत होते. "सोताच्या बायकूला सोडलं न्हाई, असा सचिव जिल्ह्यात न्हाई," असं एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आबा खाली मान घालून ऐकत होते. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

चहा झाला. माय चुलीपुढून उठली. एरवी ती आबांना हाक मारायची, पण त्या दिवशी तिनं ट्रे माझ्या हातात दिला.

"आबाला बोलवू का?" मी विचारलं.

"तूच जा. सगळे बसलेत. जा."

ट्रे माझ्या हातात दिल्यावरही तिनं तो थोडा वेळ धरून ठेवला. मला वाटलं, सांडू नकोस म्हणतेय. मी बाहेर गेले. मला बघून ओसरीवरचं बोलणं थांबलं. मी एकेकापुढं वाकून कप दिले. शेवटचा कप आबांना दिला आणि आत आले. माय चुलीपाशी तशीच उभी होती. "दिलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दिलं." मग ती खाली बसली. थोड्या वेळानं वही आत आली आणि तिनं पदराला हात पुसून सही केली.

अध्यक्षपद घराबाहेर गेलं नाही. माझी चुलती अध्यक्ष झाली. पुढच्या वेळी तालुक्याहून आली तेव्हा माय जोंधळे निवडत बसली होती. तिनं खाली मान घालूनच विचारलं, "त्यो आजून वाकून दितो का?"

"कोण?"

"त्यो चहावाला. पांढऱ्या कपड्यातला."

"म्या न्हाई बाई बघितलं," चुलती म्हणाली. "चहा थंडगार व्हता."

 हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐकलं. त्या सुट्टीलाही मी एसटीत बसल्यापासून चार वाजण्याची वाट बघत आले होते. चार वाजले. मी मागच्या दारात जाऊन बसले. मायनं कोरा चहा आणून ठेवला. "दूद समदं डेरीला जातं ग," म्हणाली. आणि मी 'हं, सांग' म्हटलं तर तिनं विचारलं, "काय सांगू?" मला तिचाच राग आला. आपण सुट्टीला यावं आणि हिनं असं तोंड करून बसावं, असं वाटलं. सुट्टी संपायच्या आधीच अभ्यासाचं निमित्त काढून मी हॉस्टेलला परत गेले. इतकी कृतघ्न मुलगी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

पुढं डेअरी बंद पडली, कारखान्याचंही तेच झालं. मला शहरात नोकरी लागली. आबा आता थकलेत, कानानं कमी ऐकू येतं, पण घरी कुणीही आलं की ती गोष्ट सांगतात. तीनदा काच लावली, सोताच्या हातानं नाव लिवलं. परवाच्या दिवाळीतही एका पाहुण्याला सांगत होते. मी आत भाकरी खात होते. ताट तसंच सरकवलं. मी उठले, चहा ठेवला, आलं ठेचून घातलं, निव्वळ दुधाचा केला. मागच्या दारात प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि मायला दंडाला धरून तिच्यावर बसवलं. ट्रेमध्ये कप, बशीत दोन बिस्किटं. मी वाकून म्हटलं, "ताई, चहा घ्या."

ती तोंडावर पदर धरून हसली. "कसली सभा हाय ग?"

तिनं कप घेतला. मी तिच्या पायाशी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "माय, त्या वर्षी ते पाणी मी वतलं होतं."

तिनं बिस्कीट चहात बुडवलं. "ठाव हाय मला."

"कसं?"

"म्या तांब्या पालथा घालते. उभा ठिवायची सव तुजी."

बाहेर आबा पाहुण्याला मोठ्यानं 'तीनदा' म्हणत होते. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"म्या कावून बोलू?" तिनं माझ्याकडं बघितलं. आवाज चढला नव्हता. "सभंच्या दिशी तुज्या हातात ट्रे दिऊन भाईर धाडलं, ते कावून धाडलं आसल? म्हणलं, समदे बसलेत, आता तरी बोलंल. म्या चुलीपाशी उभं ऱ्हाऊन कान लावला व्हता. तू कप दिलंस अन माघारी आलीस."

 तिनं चहा सगळा प्यायला, बशीतला सांडलेलाही प्यायला. मग मी रिकामा कप घ्यायला हात पुढं केला. तिनं दिला नाही. गुडघ्यावर हात टेकून ती खुर्चीवरून उठली, मोरीत गेली, कप विसळला आणि पालथा घातला.